बापाच्या नावाचे तीन थेंब

बियर चाखायला बोलवणारा कोण भेटला ना, तर त्याला आधी माझ्याकडं पाठवा रे!

शेणवे गावात एका शेठच्या फार्महाऊसवर पाण्याची मोटार बघायला गेलेलो. मुंबईचे चार पावणे बसलेले. शेठ बोल्ला, "ये रे, बेल्जियमसारखी काळी बियर आणलीय, चाखून बघ." एवढुसा गिलास दिला. आपली सवय, बोट बुडवलं, मेलेल्या बापाच्या नावानं तीन थेंब खाली टाकले, मग तोंडाला लावला. काकवीसारखी गोड, मागनं कडू, आन घशात चटका. बियर कसली, दारूच ती!

तेवढ्यात शेठ वरडला, "अरे, सांडतोस काय? महाग आहे ती!"

मग त्यानं सोता एक घोट तोंडात घोळवला, "मनुका... लवंग..." असं कायतरी बोल्ला, आन उरलेला आख्खा गिलास बाजूला ठेवलेल्या बादलीत ओतला!

"हे काय, शेठ?"

"अरे, टेस्टिंग अशीच करतात. घोटभर चाखायची, उरलेली ओतायची."

माझं डोकंच सटकलं. बोल्लो, "बादलीला गिलासभर चालतो, आन माझ्या बापाचे तीन थेंब जड झाले काय तुमाला? आता तुमीच टाका, त्याचं नाव घेऊन!"

पावण्यांसमोर शेठचं तोंड उतरलं. गुमान दुसरा गिलास भरून बोट बुडवलं, आन मला इचारतो कसा, "नाव काय रे त्यांचं?"

अरे, सात वर्सं माझा बाप त्याच्याच फाटकावर वॉचमन होता!