बटणांच्या डबीतले तुकडे

(दुपारचं स्वयंपाकघर. टेबलावर सात कप्प्यांची गोळ्यांची डबी.)

मुलगी : गोळी तुटली असेल म्हणे! सोमवारची तुटली, मंगळवारची तुटली, आणि सगळ्या बरोब्बर मधोमध?

आई : आधी जेवून घे.

मुलगी : आई, दर रविवारी डबी तू भरतेस, मी न बघता गिळते.

आई : बरं, केल्या अर्ध्या. सुरीनं. झालं समाधान?

मुलगी : कधीपासून?

आई : केमिस्टनं 'हे स्टेरॉइड आहे' म्हणून सांगितलं, तेव्हापासून. होतील दोन महिने.

मुलगी : दोन महिने! आणि मी डॉक्टरांशी भांडून आले, की तुमचं औषध लागू पडत नाही म्हणून. डेपोत चक्कर येऊन पडले. बारा वर्षं बस चालवलेली बाई मी, मला पासाच्या खिडकीत नेऊन बसवलंय. तू रोज बघत होतीस ना?

आई : मावशीचं तोंड आठव. दम्यासाठी तिला तेच द्यायचे. कशी सुजली होती, हाडं ठिसूळ झाली. तुझी तशी गत होताना बघत बसू?

मुलगी : तिच्या अंगात ते होतंच, वर आणखी दिलं. माझ्या अंगात ते तयारच होत नाही. डॉक्टर तुझ्यासमोर बोलले होते. तुझ्या अंगात रोज तयार होतं. आत्ता घाबरलीस, तर जरा जास्तच होत असेल.

आई : माझ्या अंगात स्टेरॉइड?

मुलगी : त्याच्याच जोरावर पहाटे उठून कामाला लागतेस. तुला आपसूक मिळतं, तेवढंच मला गोळीतून घ्यावं लागतं.

आई : मग नीट सांगायचंस ना.

मुलगी : आता डोकं आपटून घेऊ का? शंभरदा सांगितलं. तू 'हो हो' म्हणालीस आणि सुरी घेऊन बसलीस. तापात तर अंगाला ते जास्तच लागतं; मध्येच ताप भरला असता ना, तर जीवावर बेतलं असतं माझ्या.

आई : मला तरी कुठे झोप होती? तू पडलीस तेव्हा म्हटलं, अर्धीनं ही तऱ्हा, तर अख्खीनं काय होईल. या रविवारी पाव करणार होते.

मुलगी : पाव.

आई : बघू नकोस अशी. चुकलं माझं.

मुलगी : फोन दे इकडे. डॉक्टरांना सांगते, आता काय करायचं ते विचारते. उरलेल्या अर्ध्या कुठे टाकल्यास?

आई : बटणांच्या डबीत आहेत.

मुलगी : सगळ्या?

आई : फेकवेनात गं. म्हटलं, असू देत, कधी तुला लागल्या तर.

मुलगी : रोज लागत होत्या, आई.