डब्यात राहिलेली मूठ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि गेली तीस वर्षं आम्हाला प्लायवुड पुरवणारे आदरणीय शेठजी, व्यासपीठावर बसलेल्या प्रमुख पाहुण्या, म्हणजे आमच्या कामाचा सगळ्यात जास्त त्रास सोसलेल्या निवृत्त शिक्षिका बाई, आजचे सत्कारमूर्ती मिस्त्रीकाका, त्यांची लेक, आणि समोर बसलेले माझे सुतार, रंगारी, फरशीवाले, प्लंबर आणि तुमच्या घरची सगळी मंडळी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

माझा आवाज मुळात चढा आहे, हे इथं कुणाला सांगायला नको. त्यामुळे माइक जरा लांब ठेवते. शेवटच्या रांगेतले रंगारी हसले, म्हणजे ऐकू जातंय.

शेठजींना अध्यक्ष करायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, वा! अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी माझी उधारी बंद केली, त्यांनाच मधली खुर्ची! शेठजी, हसा, हसा. तुमचं काही चुकलं नव्हतं. मी तुमच्या जागी असते तर मीसुद्धा माल सोडला नसता.

बाबा गेले ते एका सकाळी, दुकानाचं कुलूप उघडता उघडता. मी तेव्हा एका कंपनीत नोकरीला होते. लोकांची जुनी घरं तोडून नवी करून द्यायची, ओटे बदलायचे, मोरीची न्हाणीघरं करायची, हे बाबांचं काम मी लहानपणापासून पाहिलं होतं. केलं कधीच नव्हतं. पण चौदा माणसं दुकानाच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. धंदा बंद करते असं त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. हो, घेते मी, म्हणाले. मग बाबांचं कपाट उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

बाबांची पद्धत अशी होती की, नव्या घराचा ॲडव्हान्स आला की त्यातून आधीचं घर पुरं करायचं. बाबा होते तोवर हे चाललं, कारण पुढचं गिऱ्हाईक नेहमी दारात उभं असायचं. बाबा गेले आणि गिऱ्हाईक यायचं थांबलं. नवखी पोरगी काय घर करणार, असं लोकांना वाटलं. तीन घरं उघडी पडलेली, तिन्ही ॲडव्हान्स खर्च झालेले. हातात काय? तर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, आणि त्यात कपाटाच्या नऊ मुठी.

आता त्या मुठींचं सांगते, कारण नव्या मुलांना हे माहीत नाही. बाबा काम पुरं झालं तरी एका ड्रॉवरची मूठ बसवत नसत. ती खिशात घालून घेऊन येत. शेवटचा हप्ता मिळाला की मूठ घेऊन त्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि बसवायची. आणि ती सुतारानं बसवायची नाही. ज्यानं पैसे घेतले त्यानं, म्हणजे बाबांनी स्वतःच्या हातानं. मूठ बसली की त्या घराचं आणि आपलं सगळं फिटलं. डब्यातल्या नऊ मुठी म्हणजे शेवटचा हप्ता न दिलेली नऊ घरं. प्रत्येक मुठीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. नावं नाहीत. ‘दोन जिने, कोपऱ्यातलं घर’, ‘निळं न्हाणीघर’, असं काहीतरी. बाबांना घरं लक्षात राहायची, माणसांची नावं कधीच नाहीत.

मिस्त्रीकाका मला म्हणाले, “ताई, चला, मुठी बसवून येऊ.” आम्ही दोघं निघालो. पहिल्याच दारात मी भांडायला सुरुवात केली. काकांनी मला हळूच मागं ओढलं आणि म्हणाले, “तुम्ही फक्त मूठ दाखवा. तोंड मी चालवतो.” एका घरचे गृहस्थ म्हणाले, मुठीवाचून आमचं काही अडत नाही. आतून त्यांची बायको बाहेर आली. “तुमचं अडत नसेल, माझी नखं तुटतात!” पाच मिनिटांत पैसे. दुसऱ्या घरी दार कुरकुरतं म्हणून हप्ता अडवलेला. काकांनी चपला काढल्या, दार उतरवलं, तासभर रंधा मारला आणि पुन्हा बसवलं. मग त्या माणसालाच लाज वाटली. आणि मी बसवलेली पहिली मूठ अशी वाकडी बसली की काका म्हणाले, “राहू द्या, ताई. तिच्याकडे बघून त्यांना तुमची आठवण येईल.”

आठ घरं झाली. त्यातून दोन महिन्यांचे पगार निघाले, बस्स. तीन उघड्या घरांचं काम होतं तिथंच.

बाई, तुमची क्षमा मागून सांगते. तुमचं स्वयंपाकघर तेव्हा नुसत्या विटांचं होतं. तुमच्या यजमानांचं, सरांचं, हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तुम्ही झोपायच्या खोलीत ट्रंकेवर शेगडी ठेवून त्यांचं पथ्याचं करत होता आणि भांडी न्हाणीघरात घासत होता. रोज सकाळी तुमचा फोन यायचा आणि आवाज एकदाही चढला नाही. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, खरं सांगते. मग एक दिवस शांतपणे म्हणालात, “आठ दिवस बघते, बाळ. नाहीतर ॲडव्हान्स परत दे. मी दुसऱ्याकडून करून घेते.”

परत कुठून देऊ? ते पैसे बाबांच्या वेळीच आधीच्या घरांत गेले होते. तुम्ही मागितले असते तर उरलेल्या दोघांनीही मागितले असते, आणि बाबांनी उभा केलेला धंदा माझ्या हातून चार महिन्यांत बुडाला असता. या चौदा माणसांची घरं कुठं गेली असती? शेठजी रोख मागत होते, ओट्याचा दगड कापून दगडवाल्याकडे पडला होता. मला फक्त एका हप्त्याची गरज होती. आणि डब्यात एक मूठ उरली होती.

चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘खालचा ओटा’.

मी काकांना विचारलं, हे घर कुठलं? काका म्हणाले, “ते मी बघतो. त्याचं तुम्ही मनावर घेऊ नका.”

मी भडकले. सगळ्यांसमोर, तिथं करवतीच्या मशीनजवळ. म्हणाले, “बघतो म्हणून भागत नाही, काका! बाबांच्या भिडस्तपणामुळे लोक डोक्यावर बसलेत. फुकटात ओटे वापरायचे आणि वर तोंड लपवायचं? लाज कशी वाटत नाही या लोकांना? आठ दिवसांत पैसे आणा, नाहीतर मला पत्ता द्या, मी जाते.”

काका एवढंच म्हणाले, “येतील पैसे.”

सहाव्या दिवशी त्यांनी पाकीट आणून दिलं. पूर्ण रक्कम. मी मोजली आणि वर त्यांनाच ऐकवलं, “बघा! कडक बोलल्याशिवाय सुटत नाहीत.” काका म्हणाले, “हो. बोलावं लागलं थोडं.” मग जाता जाता वळले. “ताई, मूठ बसवायला या सवडीनं.” मी म्हटलं, येते की.

त्या पैशातून शेठजींचा माल आला, दगड आला, बाईंचं स्वयंपाकघर पुरं झालं. बाईंनी त्याच दिवशी शेवटचा हप्ता दिला आणि त्यांच्या बहिणीचं कामही दिलं. तिथून गाडं चाललं. एका घरचा पैसा दुसऱ्या घराला लावायचा नाही, हे मी तेव्हा शिकले आणि आजतागायत पाळलं. लोक मला विचारतात, त्या वर्षातून कशा तरलात? मी ऐटीत सांगायची, शिस्तीनं.

डबा कपाटावर गेला. सवड काही झाली नाही.

हां, आणखी एक. त्या सुमारास काकांनी रविवारची स्वतःची कामं बंद केली. घराच्या अंगणात त्यांचं एक छोटं मशीन होतं, त्यावर ते शेजाऱ्यापाजाऱ्यांची स्टुलं, पाट, खिडक्या करून द्यायचे. मी थट्टा केली, “काय काका, म्हातारे झालात वाटतं! रविवारी लोळता!” ते हसले. तुम्हीही हसला होतात, प्लंबर. आठवतंय मला.

चार महिन्यांपूर्वी काकू गेल्या. काकूंना बरं नसतं, त्या चालत नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. अकरा वर्षं रोज सकाळी मी ‘काकू कशा आहेत’ विचारायची आणि उत्तर यायच्या आत कामाचं बोलायची. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ते त्या गेल्यावर. बाहेरच्या खोलीत माणसं दाटली होती, म्हणून लेकीनं मला आत स्वयंपाकघरात बसवलं.

ओटा माझ्या गुडघ्यांच्या जरासा वर होता. खुर्चीत बसून पोळी लाटता येईल इतका. लेक म्हणाली, “तुमच्या बाबांनी केला. आईच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून स्वतः बसले होते माप घ्यायला.” ओट्याखाली तीन ड्रॉवर. दोनांना मुठी. तिसऱ्याला कापडाची चिंधी बांधलेली, धरून धरून काळी पडलेली.

लेकच बोलत होती, दुःखात माणूस बोलतो तसं. त्या ड्रॉवरमध्ये काकूंची औषधं असायची. त्यांचा हात अधू, चिंधी सटकायची. शेजारीण म्हणायची, सुताराच्या घरात ही तऱ्हा? तर काकू म्हणायच्या, “मालकीणबाई येणार आहेत बसवायला. त्यांना कामं फार असतात.” आणि अंगणातल्या मशीनचं मी विचारल्यावर लेक म्हणाली, “ते तर आमच्या बाबांनी केव्हाच विकलं. अकरा वर्षं झाली.”

मंडळी, मी ज्यांना सगळ्यांसमोर निर्लज्ज म्हणाले, ते घर हे होतं.

नंतर मी काकांना विचारलं, त्या दिवशी बोलला का नाहीत? ते म्हणाले, “तुम्ही पाकिटातल्या नोटा तीन-तीनदा मोजत होता, ताई. तेव्हा काय बोलायचं?” मग नंतर? “नंतर तुम्ही कामाला लागला होता.” आणि तुमच्या हातात एवढी कला, एक मूठ तुम्हाला बसवता येत नव्हती? तर म्हणाले, “ती फिटल्याची मूठ. घेणाऱ्यानं बसवायची. मी बसवली असती तर तुमच्या बाबांची रीत मोडली असती.”

काका, असे खाली बघू नका. तुमचा सत्कार आहे, अपराध माझा आहे. अडतीस वर्षं तुम्ही या दुकानात उभं राहून काम केलंत. मंडळींनी वर्गणी काढून तुमच्यासाठी घड्याळ आणलंय, शेठजी ते देतीलच. अंगणात ठेवायला मशीनही आणलंय, ते उद्या सकाळी येईल. पण ते घड्याळ काय, मशीन काय, काकूंच्या उपयोगाचं काहीच नाही. त्यांनी अकरा वर्षं माझी वाट पाहिली आणि मी पोचले तेव्हा त्या नव्हत्या. रडायचं नाही असं ठरवून आले होते, तेही जमत नाहीये.

आता आवरते. अध्यक्षांनी वेळात वेळ काढला, बाई जिने चढून आल्या, हॉलवाल्यांनी दुपार आमच्यासाठी मोकळी ठेवली, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर पदरात घ्या. एवढीच माफी मी तुमच्याकडे मागते. दुसरी मागायची आहे ती इथं मागून भागणार नाही.

काका, कार्यक्रम संपला की मी तुमच्याबरोबर घरी येणार आहे. पर्समध्ये डबा आहे, चिठ्ठीसकट. स्क्रू ड्रायव्हरही घेतलाय. आता माझी वाकडी बसत नाही, तुम्हीच शिकवलंत. तुम्ही फक्त ड्रॉवर धरा. मूठ मी बसवते.