खिडकी नंबर तीनची उंची

आजच्या निरोप समारंभाच्या आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यामुळे हे सभागृह आज तुडुंब भरलं आहे त्या आपल्या ग्रंथपालबाई, वाचनालयातली सगळी सहकारी मंडळी, शनिवारच्या चर्चेतले माझे भांडकुदळ मित्रमैत्रिणी, आणि पहिल्या रांगेत बसून आत्तापासूनच मला 'मोठ्यानं बोल' म्हणून खुणावणारी माझी आई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी सरकारी कारकून. पाच मिनिटांची आमची व्याख्या आपल्याला ठाऊक आहेच. तेव्हा अध्यक्षबाई, घंटी खुशाल वाजवा. खिडकीमागे एकोणीस वर्षं बसलेल्या माणसाला न ऐकण्याची चांगली सवय असते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी पेन्शन कार्यालयात खिडकी नंबर तीनवर बसतो. दरवर्षी प्रत्येक पेन्शनरानं स्वतः यायचं, माझ्यासमोर सही करायची आणि आपण अजून जिवंत आहोत हे मला पटवून द्यायचं. मला पटलं की शिक्का. नाही पटलं तर पुढच्या आठवड्यात या. हसू नका, नियमच आहे तसा.

आता असा माणूस वाचनालयातल्या शनिवारच्या सिनेमाच्या चर्चेत कसा काय शिरला? कलेच्या ओढीनं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण आई समोर बसली आहे, त्यामुळे खोटं बोलता येत नाही. मी पंख्यासाठी आलो. आमच्या घरचा पंखा बंद पडला होता, आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोन पंखे होते. आई दर शनिवारी दुपारी इथं यायची. मला वाटायचं, मासिकं चाळायला येते. बघतो तर काय, माझी आई सत्तराव्या वर्षी एका निवृत्त नर्सबाईंशी तावातावानं वाद घालत होती! विषय काय, तर मंत्र्याच्या भाषणाचं दृश्य खालून का चित्रित केलं आणि ऐकणारी माणसं वरून का.

आपल्या ग्रंथपालबाईंची पद्धत आपण सगळे जाणता. सिनेमा संपला, दिवे लागले की 'कसा वाटला?' असं त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्या विचारायच्या, "कॅमेरा किती उंचीवर होता?" पहिल्या दिवशी मला वाटलं, या बाई सुतारकाम शिकवतात की काय! पण लोक उत्तर द्यायचे. मंत्री बोलतो तेव्हा कॅमेरा त्याच्या बुटांपाशी, म्हणून तो डोंगराएवढा दिसतो. गर्दी दाखवताना कॅमेरा गच्चीवर, म्हणून माणसं वाळत घातलेल्या धान्यासारखी दिसतात. मग बाई शांतपणे विचारायच्या, "हे कुणी ठरवलं असेल?" झालं! पुढचा तासभर आम्ही सिनेमाबद्दल बोलतोय अशा समजुतीत आमच्याच गावाबद्दल भांडायचो. पाणी आधी कुठल्या वस्तीत येतं, रस्त्याचे दिवे कुणाच्या दारात लागतात, सभेत कुणाला खुर्ची मिळते आणि कोण भिंतीला टेकून उभं राहतं. बाई स्वतःचं मत कधीच सांगायच्या नाहीत. फक्त पुढचा प्रश्न विचारायच्या. त्याचा मला भयंकर राग यायचा. तरी पंखा दुरुस्त झाल्यावरही मी येतच राहिलो.

चार वर्षांपूर्वी बाईंनी फर्मान काढलं, आता दुसऱ्यांचे सिनेमे पुरे, आपण आपला करू. तीन मिनिटांचा. आवाज नाही. रोज जिथं जाता तिथंच जायचं, आणि कॅमेरा आपल्या स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचा. एवढेच नियम. मी काही केला नाही. मी म्हटलं, आपलं काम टीका करण्याचं.

ती संधी मला मिळाली. नर्सबाईंची फिल्म लागली. एक रांग. सगळ्यांच्या फक्त पाठी दिसतायत. समोर भिंत, भिंतीत कमरेच्या उंचीवर एक लहानशी खिडकी. एकेक माणूस पुढं जातो, कंबरेतून वाकतो, तोंड त्या भोकाशी नेतो, काहीतरी बोलतो. आतून एक हात येतो. कधी शिक्का मारतो, कधी नुसताच हलतो, नाही, नाही म्हणून. अशी आठ माणसं. शेवटी एक म्हातारी बाई. एक हात भिंतीला, एक हात कमरेवर. ती वाकते. आतला हात नाही म्हणतो. ती सरळ होते, दम घेते, रांगेच्या शेवटी जाते. पुन्हा वाकते. पुन्हा नाही. फिल्म संपली.

दिवे लागले आणि मी उठलो. मित्रहो, त्या दिवशी मी जी काही अक्कल पाजळली, ती आठवली की आजही कानशिलं तापतात. मी म्हणालो, "हा कारकून माजलेला आहे. समोर कोण उभं आहे हे मान वर करून बघण्याचीही याला तसदी नको. अशा माणसाला पहिला बडतर्फ केला पाहिजे." चांगला दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडतील म्हणून थोडा थांबलोसुद्धा.

तुमच्यापैकी जे त्या दिवशी होते, त्यांनी माना खाली घातलेल्या मला दिसत होत्या.

बाईंनी विचारलं, "कॅमेरा किती उंचीवर होता?"

मी म्हणालो, "डोळ्यांच्या. माणूस वाकला की त्याच्या पाठीवरून पलीकडचं दिसतं."

"आणि खिडकी?"

"ती पार खाली. कुणी बांधली कोण जाणे!"

"पुन्हा एकदा बघू या," बाई म्हणाल्या.

पुन्हा बघताना मी हाताकडं बघत नव्हतो, म्हातारीकडं बघत होतो. तिच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीचा एक बंद तपकिरी आणि एक निळा. तो निळा बंद मी शिवला होता, आमच्या स्वयंपाकघरात बसून. मग मी हाताकडं पाहिलं. घड्याळ उजव्या मनगटावर, तबकडी आतल्या बाजूला. माझ्यासारखं.

पंधरा वर्षं मी त्या कार्यालयात मागच्या दारानं आत जात होतो. माझी स्वतःची खिडकी मी बाहेरून कधी पाहिलीच नव्हती.

आणि खरी शरमेची गोष्ट पुढंच आहे. आई त्या दिवशी आली होती, हे मला माहीत होतं. सही जुळत नव्हती म्हणून मी तिला परत पाठवलं होतं, कागदावरचं नाव वाचून, मान वर न करता. त्याचा मला कोण अभिमान! 'आपल्याकडं वशिला चालत नाही, सख्ख्या आईलासुद्धा रांगेत उभं केलं,' हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो.

आई शेजारीच बसली होती. मी हळूच विचारलं, "मी तुला दोनदा परत पाठवलं?"

"तीनदा," आई म्हणाली. "एकदा नर्सबाईंच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"वाकून बोलू की दम खाऊ? या वयात दोन्ही एकदम जमत नाही रे."

माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या माणसांशी ती जन्मभर अदबीनं बोलली. आणि मी, दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या आईला बघितलं नव्हतं. मी त्या खोलीत रडलो. हे इथं सांगायची मला लाज वाटत नाही.

पुढं काय झालं ते गावाला ठाऊक आहे, पण आजच्या दिवशी ते पुन्हा सांगायलाच हवं. फिल्म वाचनालयाच्या मोठ्या दालनात सगळ्यांसाठी दाखवली गेली, गावभर बोभाटा झाला, आणि आमच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "ही खिडकी आपल्या कार्यालयाची नाही, असं लिहून द्या. नाहीतर बदली. लांबची. आईचं कोण बघतं घरी?" माझी पाचावर धारण बसली. कारण आईचं बघणारा मी एकटाच.

मी बाईंकडं धावत आलो. म्हटलं, आज तरी प्रश्न विचारू नका, उत्तर द्या. बाईंनी पुस्तकांना नंबर घालता घालता विचारलं, "लिहिणार कुठं बसून?"

घ्या! तरीही प्रश्नच.

पण दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी कागद घेऊन कार्यालयाच्या पुढच्या दारानं आत गेलो. खिडकी नंबर तीनसमोर उभा राहिलो. तिथं टेकायला ना टेबल, ना फळी. वाकलो, आणि त्या खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहिलं. तीन ओळी लिहीपर्यंत कंबर बोलायला लागली. साहेबांनी पत्र हातात घेतलं आणि म्हणाले, "अक्षर असं का वेडंवाकडं?" मी म्हणालो, "वाकून लिहिलंय, साहेब."

पत्र असं होतं: 'सदर फिल्ममधील खिडकी आपल्याच कार्यालयाची आहे. सदर हात माझा आहे. सदर आईही माझीच आहे.'

दोन महिने मी बॅग भरून बदलीची वाट बघत होतो. आणि इथं या शनिवारच्या मंडळींनी काय केलं? फिल्ममधल्या आठही माणसांनी कार्यालयाला पत्रं लिहिली. 'फिल्ममधली तिसरी पाठ माझी आहे.' 'पाचवी पाठ माझी, तपासून पाहावी.' मग जे फिल्ममध्ये नव्हतेच, त्यांचीही पत्रं यायला लागली. 'मी त्या दिवशी नव्हतो, पण पाठ माझीही तशीच दुखते.' दोनशे अकरा पत्रं! आणि नियम असा, की आलेल्या प्रत्येक पत्राला आवक क्रमांक द्यायचा आणि लेखी उत्तर पाठवायचं. नियम कुणाच्या बाजूनं उभा राहू शकतो, हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं. साहेब उत्तरं देऊन देऊन घायकुतीला आले.

शेवटी मुख्यालयातून तपासणी अधिकारी आले. देवानं आमच्यावर कृपा केली, अधिकारी चांगले ताडमाड उंच होते. ते खिडकीशी वाकले, आणि त्यांचा चष्मा घसरून थेट माझ्या टेबलावर पडला. मी तो उचलला आणि तोंडातून निघून गेलं, "ओळखपत्र आणलंय का?" मागं रांगेत हशा पिकला. अधिकारीही हसले. तिथंच, वाकलेल्या अवस्थेत, त्यांनी भिंत फोडायचा हुकूम दिला.

भिंत फुटली त्या दिवशी गवंडीदादांनी मला विचारलं, "खिडकी किती उंच ठेवू? माप कुणाचं घेऊ?" नकाशा होता, साहेब होते, पण त्यांनी विचारलं मला. मी आईला बोलावलं. ती भिंतीसमोर ताठ उभी राहिली, आणि मी तिच्या हनुवटीशी खडूनं रेघ मारली. आतल्या बाजूला लाकडी चौथरा करून माझी खुर्ची वर चढवली. शेजारी एक खालची खिडकीही ठेवली, बाहेर खुर्ची टाकून, ज्यांना बसून बोलायचंय त्यांच्यासाठी. आज जिल्हाभरातल्या सहा कार्यालयांत भिंती फुटल्या आहेत. आणि बदलीचं म्हणाल, तर बदली झाली. साहेबांची!

टाळ्या मला नकोत, तिकडं वाजवा. बाईंकडं.

बाई, तुम्ही कधी मोर्चा काढला नाहीत, निवेदनावर पहिली सही केली नाहीत. तुम्ही एका खोलीत आम्हाला बसवलंत, पडद्याकडं बघायला लावलंत आणि आम्ही भिंतीकडं बघायला शिकलो. आता उद्यापासून शनिवारी दुपारी प्रश्न कोण विचारणार, याची चिंता करू नका. आई तयारीतच बसली आहे.

अध्यक्षबाई, घंटी तीनदा वाजली, मी मोजली. मला इथं उभं केल्याबद्दल आयोजकांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, तर उदार मनानं पोटात घाला. आणि बाई, एक शेवटचं, हे जरा कार्यालयीन आहे. उद्यापासून तुम्ही निवृत्त. म्हणजे तुमचे कागद माझ्याकडं येणार. मंगळवारी सकाळी दहाला या, पुढच्या दारानं. मी आत असेन, मान वर करून. तुम्ही फक्त समोर उभ्या राहा, बाई. वाकू नका.