धरणाजवळ मुलाखती

(भिसेगावातल्या एका गाळ्यात आरोग्य सर्वेचं तात्पुरतं ऑफिस. गावं निवडणाऱ्या सुरभी मॅडम, मुलाखतींची टीम सांभाळणारा जितेश, आणि पळसदरीच्या वरच्या वाडीतली जना.)

जितेश : ...म्हणून सांगतोय मॅडम, जनाची वाडी यादीतून काढा. गाडी पळसदरीला थांबते. पुढं चढण. माणूस अख्खा दिवस घालवून चार घरं करणार. लोधिवलीत तेवढ्यात आळी संपते.

सुरभी : एका मुलाखतीचा खर्च फारच जातोय, खरंय. काढूया.

जना : आन ती फिरत्या दवाखान्याची गाडी?

सुरभी : ती आमच्या हातात नाही, मावशी. सर्वेत जिथं आजार जास्त निघेल, तिथं ती फिरणार.

जना : वाडी सर्वेत नाय, तर आजार निघल कुठनं? माजी सून, आवडी, पोटुशी हाय. पाय सुजलंत, तोंड सुजलंय.

जितेश : पोटुशी बाईचे पाय सुजतातच गं.

जना : तुमी नका चढू. मीच समद्यांना खाली पळसदरीच्या धरणाजवळ आनते.

सुरभी : चालेल, जितेश?

जितेश : पळेल. लोधिवलीपेक्षा स्वस्त पडेल. जने, हे आधी नाय का बोलायचं?

*

(मुलाखतींचा दिवस, दुपार. तेच ऑफिस.)

जना : आली की दादा समदी खाली. मंग आमची दवाखान्याची गाडी?

जितेश : समदी कुठं? ज्यांना चालता आलं, ती आली. रक्त बघितलं, ताप बघितला. ठणठणीत. तुमच्या वाडीत आजार नाय.

जना : आजारी वर पडलीत. नावं दिली की मी तुमाला.

जितेश : नावाच्या बोटातून रक्त निघतं होय?

सुरभी : मावशी, पुन्हा वर जायचा खर्च आम्ही धरलेलाच नाही. तुम्हीच म्हणालात, चढू नका.

जना : म्हनले... आवडीनं सकाळपासनं डोळं उघडलं नाय. वाडीतली पोरं, पोशा आन किशोर, तिला झोळीत घालून खाली आनतायत. पळसदरीला तुमची जीप तरी धाडा.

सुरभी : जितेश, जीप?

जितेश : लोधिवलीला गेलीय. मागं बोलावली तर आजचा दिवस फुकट, उद्याचा खर्च अंगावर.

सुरभी : ...मग राहू दे. मावशी, अँब्युलन्सला फोन लावा.

जना : लावला. येतो म्हनतात.

जितेश : झालं तर. आणि हे बघ, धरणाजवळ आपला माणूस अजून बसलाय. आवडी खाली पोचली की तिची मुलाखत उरकून घेऊ. वाडी पूर्ण होईल.

जना : बोलत नाय ती, दादा.

जितेश : मग नकार दिला, असं धरू.