ओवाळणी वळती केली ती गोष्ट

आमचं गाव अंबाडीच्या आतल्या बाजूला, भातशेतीचं, माझा जन्म तिथलाच, आणि मंदा माझ्या पाठची. आई लवकर गेली म्हणून तिची वेणीसुद्धा मीच घालायचो, वाकडी घालायचो, ती शाळेत जाऊन सोडून परत घालायची, पण मला कधी बोलली न्हाय. पुढं मी कामतघरला कापडाच्या लूमवर लागलो, आता काल्हेरला गोदामात सुपरवायझर हाय. तिलाही कामतघरलाच दिली, मेहुणे पण लूमवरच, म्हणजे दोन गल्ल्या सोडून बहीण, याहून काय पाहिजे माणसाला.

मग मेहुण्यांच्या पाठीचं ऑपरेशन निघालं. मंदा आली, दारातच म्हणाली, दादा, उसने दे, फुकट नको. मी दिले. खोटं कशाला बोलू, देताना मला फार बरं वाटलं, जरा जास्तच बरं वाटलं.

ती कांड्या भरायला जायला लागली, लूमच्या धोट्यात सुताची कांडी बसते ना, ती, आणि दर पगाराला थोडे थोडे आणून द्यायची. मी घ्यायचो. घेण्यात चूक न्हाय, उसने ते उसने, हे मी आजही म्हणतो. पण भाऊबीज आली. तिनं पाट मांडला, ओवाळलं, आणि मी ताटात नुसती सुपारी टाकली, म्हणालो, मंदे, ओवाळणी तुझ्या उसन्यातून वळती केली बघ, तेवढे कमी दे. मला वाटलं मी मोठेपणा केला. काय सांगू तुम्हाला, तिच्या हातातलं ताट हललंसुद्धा न्हाय. बरं म्हणाली आणि करंज्या वाढल्या. घरी येताना बायको म्हणाली, अहो, बँकवाले तरी दिवाळीला सुट्टी घेतात. मी तिच्यावरच ओरडलो. आणि पुढच्या वर्षी परत तेच केलं.

त्याच्या पुढच्या भाऊबीजेला पाटावर बसलो, तर ओवाळायच्या आधीच तिनं रुमालात बांधलेले पैसे माझ्या हातात ठेवले. हाताला हिशेबापेक्षा जास्त लागले. मी म्हणालो, अगं, ओवाळणीचे वळते झालेत ना? ती म्हणाली, ते तू वळते केलेस, मी कुठं केले? उसने माझ्या नवऱ्याच्या पाठीचे होते, ते फिटले. ओवाळणी माझ्या माहेरची हाय, ती मी कुणाच्या पाठीला का लावू? मागच्या दोन्ही राहिल्यात, त्या पण टाक.

ही बाई दिवसभर मशीनपाशी उभी, सुताच्या कचऱ्यानं खोकते, नवरा आत्ता कुठं चालायला लागलेला, आणि हिनं मनात सगळं वेगळं वेगळं ठेवलं होतं, एकात एक मिसळू दिलं न्हाय. माझ्यावरचा राग पण मिसळू दिला न्हाय. असं माणूस आपल्या घरात जन्मलं आणि आपल्याला पत्ता न्हाय. मी तो अख्खा रुमालच ताटात ठेवायला गेलो तर तिनं ताट मागं घेतलं. म्हणाली, सावकारासारखी नको, भावासारखी टाक. मेहुणे कोपऱ्यातून म्हणाले, दादा, टाका लवकर, निरांजन विझतंय. सगळे हसले, मला रडू आलं.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. पोरीच्या नर्सिंगच्या फीला कमी पडतायत, दादा, उसने दे. तिचा दीर हाय, कारखान्याचा शेठ पण द्यायला तयार होता, तरी पहिला फोन मला. मी गोदामात एका ट्रकामागं जाऊन उभा राहिलो. एवढं झाल्यावर सुद्धा हिला माझ्यापुढं हात करावासा वाटला. दिले. दिवाळीपर्यंत ते फिटायचे न्हाईत, न फिटू देत, ओवाळणीचं ते वेगळं. तिला कधी कमी पडू नये, आणि पडलंच तर पहिला फोन मलाच यावा, एवढंच देवाकडं मागणं हाय.