भिजवलेलं सोपट

—नाही हो साहेब, पंपाची तार उंदरानंच कुरतडली. वसईचा उंदीर पाहिलाय का तुम्ही? परवा एकानं माझ्यादेखत आख्खा नारळ ओढत नेला, वर मागं वळून डोळे वटारले — बरं, हसू नका, लिहा. ‘उंदीर’ लिहा आणि लाइन जोडून द्या. आठ दिवस पंप बंद, केळींनी माना टाकल्यात, आणि रहाटाचे बैल या पंपाच्या भरवशावर केव्हाच विकून बसलोय. आता काय, मी फिरू रहाटाला?

मला शिकवू नका, वीज मला कळते. तांब्यातून ती कशी जाते? फाटक उघडं दिसलं की गुरं घुसतात तशी. आणि तुमच्या खांबावरच्या त्या चिनीमातीच्या वाट्या — तिथं दाट कुंपण, पाऊल टाकायला जागा नाही. रबरातही नाही, लाकडातही नाही. तिकडे अमेरिकेत म्हणे वाळूतून काढलेल्या कसल्याशा चकत्या उन्हात ठेवल्या की तारेत वीज सुटते — पेपरात आलंय! आमच्याकडे तर मैलोगणती वाळू आणि डोक्यावर फुकटचं ऊन. ती सोय असती तर तुमच्या कचेरीचे उंबरे कोण झिजवत बसलं असतं?

काय म्हणता? तारेच्या जोडाला काय गुंडाळलं होतं? काळी पट्टी होती की. म्हणजे — दिली होती, शेजारच्या वाडीतल्या व्हॅलेरियननं. ती मी छत्रीच्या दांड्याला लावली. हलत होता ना दांडा! जोडाला मग सोपट. केळीच्या खोडाची वाळलेली साल हो — पानवेल बांधा, फुलांची पुडी बांधा, आमच्या सांडोर गावात सगळं त्यानंच बांधतात. आणि वाळलेली साल म्हणजे लाकूडच की! कोरडं? छे, कोरडं सोपट कोण बांधतं? तडकन तुटतं. घटकाभर पाण्यात भिजवायचं, मग कसं घट्ट बसतं — माझा बाप, आजा, सगळे असंच — आणि विहिरीचं पाणी तर आमचं मचूळ...

हं. खारट पाण्यातून जास्तच जाते, नाही का?

जोड पंपाच्या लोखंडी नळीला टेकला होता, साहेब. जिजा, माझी धाकटी बहीण, तिथं हात धुवायला गेली. गावात मी सांगितलं, चार ओळी केळी ओलांडून उडाली! उडाली कसली — चिकटून राहिली नळीला. व्हॅलेरियननं सुक्या बांबूनं सोडवली. डावी मूठ अजून मिटत नाही तिची. आणि तीच मला रोज म्हणते, “दादा, ओला हात लावला, चुकलंच माझं.” म्हणणारच. तसं तिला मीच सांगितलंय.

ती बघा, चहा घेऊन येतेय, एका हातानं. सोपटाचं नाव काढू नका तिच्यासमोर. वही मिटा. लाइन? राहू दे ती लाइन, जळू देत केळी — निघा साहेब. निघा म्हणतो ना!