नानांच्या इंजिनाची गळती

चहा निवू दे जरा, तवर माझी फजिती ऐका. लढाई संपली आन मी पलटणीतनं सुटून गावी आलो. पलटणीत मोटारी दुरुस्त करायचो, म्हणून गावात माझा लय रुबाब. अशात मलकापूरच्या नानांचा निरोप आला, "विहिरीवरच्या नव्या इंजिनातनं तेल गळतंय. बंद ठेवलंय, ऊस वाळाय लागलाय."

गेलो. इंजिनात हवा ओढणाऱ्या नळीच्या, म्हंजी मॅनिफोल्डच्या, सांध्याभवती तेलच तेल. मॅनिफोल्ड उतरवला, नवं पॅकिंग कापून घातलं, नट आवळले आन ऐटीत म्हणालो, "नाना, आता थेंब जरी गळला तर मिशी उतरवीन!"

आठ दिवसांनी पुन्हा निरोप. पुन्हा पॅकिंग बदललं. तिसऱ्या ऐतवारी गेलो, तर नाना इंजिन सोडून माझ्या मिशीकडंच बघत हुते.

सांध्याला बोट लावून बघितलं. इंजिनातलं तेल काळंभोर असतंय, हे पिवळं. हुंगलं, तर भुईमुगाचं!

"आवं नाना, इंजिनात गोडंतेल कोण घालतंय?"

"आत कशाला घालू? वरनं वततो. दर शनवारी मारुतीला घातलं की उरलेलं ह्याला. ह्यो बी ताकदीचाच देव न्हवं का?"

"आवं, मग हीच की तुमची गळती!"

"गप रं! मारुतीला जल्मभर घालतोय, त्येनं कवा गळती काढली न्हाई. तू आदी मिशीचं बोल!"